समुद्राची ओटी

मुलांनो, सौंसरचा मोटारस्टँड डोळ्यांपुढे आणा. साल छप्पन्न. विजयाच्या बाबांची बदली नव्या राज्याच्या राजधानीत, दूर भोपाळला झालेली. तिथल्या हिंदी कचेरीत आपलं कसं होईल, ही काळजी बाबांना सकाळपासून लागली होती. विजया मात्र शेजारच्या बाकावरचं बोलणं ऐकत होती. बोरगावचे नत्थूजी आणि त्यांची बायको कलाबाई अंदमानात नोकरीला असलेल्या मुलाकडून परत आले होते.

"होडीत बसून काय पाह्यलं, असं गावात विचारतील," कलाबाई म्हणाली.

"सांगू ना. सहा बेटं पाह्यली, पाण्यातले रंगीत मासे पाह्यले."

"तुमी कुठं पाह्यले? तुमी तर डोळे मिटून बसले होते."

"हळू बोल. लोक ऐकून राहिले."

"आपल्या बगीच्यातल्या संत्र्यांनी मी समुद्राची ओटी भरली. ओटी कधी एका हातानं भरतात का? पण दुसरा हात तुमी दिवसभर सोडलाच नाही."

"पोराच्या सायबांसमोर मले शरम वाटली."

"मले नाही वाटली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा धरला चारचौघांत."

"हे गावात सांगशील?"

"सांगीन. मी भ्याली, म्हणून यायनं हात धरला."

"खोटं सांगशील?"

"खोटं कायचं? भ्यालीच होती मी. तुमी हात सोडाल म्हणून."



भोपाळच्या वाटेवरची छिंदवाड्याची मोटार आली. बाबा ट्रंक उचलून तसेच उभे राहिले. विजयानं त्यांच्या मोकळ्या हातात आपला हात दिला आणि म्हणाली, "बाबा, मला भीती वाटून राहिली. माझा हात सोडू नका."