पोहायचे डबे

न्हाई, अमरेशभाऊ, डबे द्यायची न्हाई मी — अडकवा ते परत खुंटीला. हाव, मालकानंच सांगितलं आसंल, घिऊन जा म्हणून, पर मालक शेतात हायत अन् घरात मी हाय. दोर सोडू नका म्हणलं नं! ह्या डब्यांवर अर्धं गाव आमच्या विहिरीत पोहायला शिकलं, तुमी बी शिकलाव — पाठीला डबा बांधायचा, वरून ढकलून द्यायचं, अन् मालक पायरीवर उभं राहून शिव्या घालणार. म्हणून का आता लेकरांच्या पाठीला तेच बांधून समुद्रात सोडणार? तनुजाला? शिवमला? अन् आज संध्याकाळच्याच ट्रॅव्हल्सनं निघालाव कोकणाला. बरं झालं बाई, मी दारातच होते.

हसू नका. तुमी हसलाव की मला ह्यांचंच हसणं आठवतं. दिवाळीत आमी दोघं गेलतो की तिथंच. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला. मी लांबूनच हात जोडले, गंगेला जोडावं तसं — हे मात्र शर्ट काढून माझ्या हातात! तिथं लाल झेंडा रोवलेला, जीवरक्षक शिट्ट्या वाजवून बेजार. मी म्हणलं, आवं, तो माणूस नको म्हणून राहिलाय — तर म्हणतात कसे, लाल झेंडा पोहता न येणाऱ्याला आसतो, मी विहिरीचा तळ काढणारा माणूस, मला कोण शिकवणार? अन् शिरले की पाण्यात! काय बी बोलून उपयोग न्हाई. गाव मास्तर मास्तर म्हणतं, तुमीच डोक्यावर बसवून ठिवलाव.

मग काय झालं? ठाऊक हाय की तुमाला. पारावर सांगितलंय नं त्यांनी — बुडणारा माणूस वाचवला म्हणून, कोणी पुण्याचा साहेब, काखेत धरून काठाला आणला म्हणून. हूं. साहेब! थांबा, चहा ठिवते… न्हाई, चहा ऱ्हाऊ द्या. उद्या तुमची लेकरं पाण्यात आसतील अन् मी हितं चहा गाळत बसू? आपलेच दात अन् आपलेच ओठ, पर बोलते. साहेब-बिहेब कोणी नव्हता, भाऊ. बुडणारा माणूस म्हंजे हेच होते.

विहिरीत कसं — दमलं की सरळ पायरीकडं यायचं, हो का न्हाई? हे बी तसंच, सरळ काठाकडं हात मारून राहिले. अन् पाणी आत ओढून राहिलं. जितके हात मारावेत तितकं लांब. विहिरीचं पाणी कवा कुणाला ओढतंय? ते बिचारं जागच्या जागी. मी शर्ट छातीशी धरून बोंबलून राहिले — डोकं दिसतंय, न्हाई दिसत, दिसतंय — लई भ्याले हो मी. वाटलं, आता हा शर्टच घिऊन घरी निलंग्याला जावं लागतंय. त्या जीवरक्षकानं काढलं बघा. ज्यानं गावाच्या पाठीला डबे बांधले त्याच्या काखेत ट्यूब बांधून, लेकरावानी ओढत आणलं. अन् मग समजून सांगितलं त्यानं — ओढ लागली की काठाकडं जोर लावायचा न्हाई, काठाच्या बाजूबाजूनं आडवं पोहायचं, ओढीच्या भाईर आलं की मग वळायचं. न्हाईच जमलं तर अंग सोडून तरंगायचं, हात वर करायचा. अन् लाल झेंडा आसंल तिथं पाऊलच टाकायचं न्हाई. डबा काय करतो? लेकराला वर ठिवतो. पर पाणी डब्यासकट घिऊन जातं त्याला. तुमी बघत ऱ्हाणार काठावरून, लांब लांब जाताना.

परत येताना गाडीत मला शपथ घातली — पंचफुला, गावात बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. मी म्हणलं, तेच तर बघायची येळ आलती की! पर बसले गप. इज्जत! अन् तवापासून माणूस विहिरीकडं फिरकला न्हाई, ठाऊक हाय का? पोरं येतात, मास्तर चला, मास्तर चला — तर गुडघा दुखतो म्हणतात. गुडघ्याला काय धाड भरलीय? आंघोळीला तांब्या डोक्यावर घेताना बी डोळे मिटत न्हाईत आता — मीच पाणी घालते… जाऊ द्या, हे कशाला सांगून राहिले मी तुमाला. पर तुमी डबे मागितलाव तर लगेच हाव म्हणले! न्हाई म्हणलं तर तुमी विचारताव नं, का म्हणून? त्याचाच राग येतो मला, भाऊ, आग होते अंगाची. आपल्या मिशीपायी दुसऱ्याचं लेकरू —

आवं. शेतातून कवा आलाव तुमी?

असं बघू नका माझ्याकडं. बोलले मी. समदं बोलले. शपथ घातली तर घातली… तुमी मधी पडू नका, अमरेशभाऊ. — काय? द्या. द्या त्यांच्या हातात डबे. हाव, मागून राहिलेत नं.

आवं, खांद्यावर टाकून कुठं? — विहिरीकडं? आता? सोताच्याच पाठीला बांधणार?

जा, भाऊ, तुमी जा. जाताना फाटक लावा. — आवं, थांबा. शर्ट द्या इकडं. मी बसते काठावर.