अण्णांच्या सहीची हिरवी गाडी

मंडळी,

हातातली कामं टाकून तुम्ही सगळे मनुरेवाच्या या हॉलमध्ये आलात. कोणी ख्राइस्टचर्चहून सकाळच्या विमानाने आलंय. मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. रात्री कागदावर लिहिलं होतं, तो कागद घरीच राहिला. राहू दे. जसं जमेल तसं बोलते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

मी वसुधा, राजनची बायको. बायको 'होते' म्हणायचं की 'आहे', तेही मला कळत नाहीये. गेल्या गुरुवारी सकाळी सव्वासातला तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बुटाची लेस बांधत होता. मी चहा गाळत होते. म्हणाला, आज लवकर सुटतोय, येताना डेअरीतून दूध आणतो. मी म्हटलं, निळ्या झाकणाचं नको, हिरव्या झाकणाचं आण. उत्तर आलं नाही. मी वळून बघितलं आणि हातातलं गाळणं खाली पडलं.

अँब्युलन्स आली. त्या लोकांनी शर्थ केली. मग त्यातल्या एका मुलीने माझा हात धरून सांगितलं, हृदय बंद पडलंय. एक्कावन्न वर्षांचा माणूस. लेस अर्धी बांधलेली. मला अजून पटत नाही. आज सकाळीसुद्धा मी दोन कप चहा टाकला.

आणि मला राग आलाय. शोकसभेत असं बोलू नये, पण आलाय. कारण मी या दिवसाची तयारी केली होती, फक्त ती दुसऱ्याच मरणाची. बावीस वर्षं मी स्टॉककारवाल्याची बायको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या शर्यतीत दुसऱ्याच्या गाडीला धडक मारणं नियमात बसतं. नुसतं बसत नाही, लोक तेच बघायला येतात. दर शनिवारी मी स्टँडमध्ये त्याच्या गाडीवरची नजर न हलवता बसायचे. माझी सगळी भीती शनिवारवर खर्च झाली, आणि तो गेला गुरुवारी. मी फार्मसिस्ट आहे. निम्म्या मनुरेवाला बीपीच्या गोळ्या मी देते. घरच्या माणसाचं बीपी कधी बघितलं? नाही बघितलं. हे मी कोणाकडे कबूल करू? तुमच्याकडेच करते.

हे वेड आमच्या घरात आणलं माझ्या सासऱ्यांनी. अण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करायचे. राजन शाळेत असताना इकडे आले, फिटर म्हणून लागले. कामावरच्या कोणीतरी त्यांना एकदा ट्रॅकवर नेलं. घरी येऊन अण्णा म्हणाले, ही माणसं गाड्या मोडतात आणि आठवड्यात परत उभ्या करतात, हे तर आपलंच काम आहे. पुढच्या वर्षी त्यांची स्वतःची गाडी उभी होती. नंबर बावन्न. अण्णा थकल्यावर तोच नंबर राजनने घेतला. आमची गायत्री बारा वर्षांची झाल्यावर मुलांच्या छोट्या गाड्यांत उतरली, तीही बावन्न घेऊन. इथे नंबर घराण्यात राहतो, आपल्याकडे आडनाव राहतं तसा.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. राजन रडला नाही. गॅरेजमध्ये जाऊन बसला आणि नवी गाडी बांधायला घेतली. स्पेशल एडिशन म्हणायचा तिला, एका सीझनपुरती. तुमच्यातल्या कितीजणांच्या फोनमध्ये तिचा फोटो आहे, मला माहीत आहे. रंग कुठला दिला? लेथ मशीनला असतो तो हिरवा. दुकानदार तीन वेळा डबे बदलून थकला, पण याला अण्णांच्या मशीनचाच हिरवा हवा होता. आणि दारावर अण्णांची सही, त्यांच्या जुन्या वहीतून जशीच्या तशी मोठी करून. गाडी बाहेर काढली तेव्हा मी म्हटलं, अरे, ही शर्यतीला कशाला नेतोस, हिच्यापुढे नारळ फोड आणि ठेवून दे. माझ्याकडे एकदा बघितलंन आणि गाडी ट्रेलरवर चढवायला लागला.

पहिल्या शनिवारी ती ट्रॅकवर उतरली. मंडळी, त्या दिवशी तिला कोणी हातही लावला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं ही अण्णांची गाडी. जो तो बाजूला होऊन वाट देत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, केवढा हा मान. आणि आमचे साहेब? शर्यतीनंतर गाड्या उभ्या करतात त्या पिटमध्ये आले ते हेल्मेट आपटतच. प्रत्येकाच्या गाडीपाशी जाऊन भांडले. माझ्या बापाचा अपमान केलात म्हणाले. अण्णा पंधरा वर्षं तुमच्याशी धडकले, त्यांना कधी कोणी वाट दिली होती का, आता का देता?

टामा, तू मागे बसला आहेस, तुला मराठी कळत नाही, पण तुझं नाव घेतेय. राजनचा सगळ्यात जवळचा मित्र. दुसऱ्या शर्यतीत यानेच हिरव्या गाडीला असा दणका दिला की ती भिंतीवर जाऊन बसली. बरोब्बर सहीवर पोचा. मी स्टँडमध्ये रडत होते आणि राजन गाडीतून हसत बाहेर आला. तो पोचा त्याने कधीच काढला नाही. मी घरी खूप बोलले. ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "वसू, आत्ता ती अण्णांची झाली."

आता ती गाडी गॅरेजमध्ये आहे. गुरुवारीच मी तिच्यावर चादर घातली. ट्रॅकवाल्यांचा फोन आला, या शनिवारी गाडीची एक मानाची फेरी काढू या. मी हो म्हटलं. सावकाश एक फेरी, आणि परत चादरीखाली. परवा गायत्री म्हणाली, फेरी मी काढते आणि त्यानंतरच्या शर्यतीतही मीच उतरते. वीस वर्षांची आहे, लायसन्स आहे, सगळं आहे. मी नाही म्हटलं. ओरडलेच तिच्यावर. एक माणूस गेलाय माझा, त्याच्या हातची ही शेवटची वस्तू, तिला ओरखडा आलेला मला चालणार नाही. आणि तुला तर त्याहून नाही.

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते. तिने आवाजही चढवला नाही. म्हणाली, "आई, इट्स अ स्टॉककार."

दोन दिवस मी त्या तीन शब्दांशी भांडतेय. इथे उभी राहीपर्यंत माझा नकार ठाम होता. आत्ता तुमच्याशी बोलताना माझं मलाच ऐकू आलं, पहिल्या शनिवारी सगळ्यांनी केलं तेच मी करायला निघाले होते.

गायत्री, शनिवारी गाडी तू चालवायचीस. फेरीही आणि शर्यतही.

आणि मागच्या रांगेतल्या मंडळींनो, कोणीतरी टामाला हे इंग्लिशमध्ये सांगा, मला सांगवणार नाही. माझ्या पोरीला वाट देऊ नका. ती राजनची मुलगी आहे म्हणून बाजूला होऊ नका. मला भीती वाटतेय, तरी मी शुद्धीत राहून सांगतेय.

आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या. गायत्री, तू इकडे ये बाळा. मला धर.