कोंबडीच्या कानाचा रंग

...नाही, मला सांगा, कोंबडीला कान असतात हे तुम्हाला तरी माहीत होतं? खरं सांगा हं! नव्हतं ना? मग मलाच का फाडून खातात सगळे? दोन वर्षं पाळलीय तिला, रोज सकाळी या हाताने दाणे टाकलेत... माझी कोंबडी मी ओळखत नाही होय?

झालं काय, आमची पांढरी कोंबडी कुंपणावरून गेली शेजारच्या मास्तराकडे. मास्तर रिटायर्ड, म्हणजे दिवसभर जगाच्या चुका काढायला मोकळा! आणायला गेलो तर नाकातून म्हणतो, "आमचीच आहे ही. आमच्या पाच, मोजून घ्या." अरे, तुझी एक बोक्याने नेली असेल, तिची भरपाई माझ्या कोंबडीने करतोस?

शेवटी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, "कान बघू." मी आपला माझा कान पुढे केला! मास्तर असा खिंकाळला म्हणून सांगू... मग डॉक्टर विचारतो, "तुमची कुठल्या जातीची?" मी छातीठोक सांगितलं, "लेगहॉर्न!" विकणारा तसंच म्हणाला होता ना! तर हा म्हणतो, "लेगहॉर्नच्या कानाची पाळी पांढरी असते, हिची लाल आहे. तुरा बघा केवढासा! लेगहॉर्नचा मोठा, एका बाजूला लोंबतो. बरं, तुमची अंडी कुठल्या रंगाची घालते?" मी म्हटलं, "तपकिरी!" "लेगहॉर्न पांढरी घालते." संपलं! मास्तराने लगेच वही काढली, "जात व्हाइट रॉक. पाळी लाल, तुरा लहान, अंडी तपकिरी." वही! कोंबडीची! अहो, मला विकणाऱ्याने फसवलं, नाव चुकलं, पण कोंबडी तीच ना? माझी कोंबडी मी ओळखत नाही होय? पण ऐकतो कोण? गेली कोंबडी!

घरी येऊन आदळआपट केली. बायको परसात कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "दोन वर्षांत कधी धड बघितलंत तिच्याकडे?"

"बघायचं काय त्यात? माझी कोंबडी मी ओळखत नाही होय?"

तर माझ्याकडे पाठ करून विचारते, "माझ्या डोळ्यांचा रंग सांगा."

तुम्हाला सांगतो, दरदरून घाम फुटला! काळे म्हणावं तर... तपकिरी म्हणावं तर परत त्या अंड्यांसारखं व्हायचं... लग्नाला एकोणीस वर्षं झालीत हो! एवढ्यात कुंपणापलीकडून, दाणे टाकता टाकता, तोच नाकातला आवाज, "घारे! डावा जरा जास्तच घारा."

बायको वळली. मी नीट बघितलं.

...बरोबर होतं लेकाचं.