जुलाबाचं औषध आणि जुलाबाचीच गोळी

अहो पण माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! सासऱ्यांना डॉक्टरीणबाईंनी दिलं काय, तर पोट साफ व्हायचं पातळ औषध, आणि जोडीला ती गोळी... जी माझ्या भावाला प्रवासात जुलाब लागले तेव्हा दिली होती! म्हणजे एका हातानं नळ सोडायचा, दुसऱ्या हातानं बंद करायचा? मला नाही पटलं. केली गोळी बंद. घरात औषधांचं खातं माझ्याकडे ना! कुणाला विचारायचं कशाला?

आता सासरे म्हणजे शिंपी, डोळे मिटून काजं करतील असा हात. तुम्हाला सांगते, आठवडा गेला नसेल, हात थरथरायला लागला, सुईत दोरा जाईना, दिवसाढवळ्या घोरायला लागले, आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला खिसा लावला... पाठीवर! मी ओरडले, "बाबा, नाटकं पुरे झाली हं!" तर कोट छातीशी धरून म्हणतात कसे, "माफ करा ताई... आपण कोण?"

ताई म्हणाले हो मला! आणि मी आजारी माणसावर ओरडत होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी कुणी बंद केली?" मी पंख्याकडे बघायला लागले. मग म्हणाल्या, "अहो, यांचं लिव्हर थकलंय. आतड्यातले जंतू जे विष करतात ते गाळलं जात नाही, डोक्यात चढतं. ही गोळी रक्तात फारशी उतरतच नाही, आतड्यातच राहते आणि तिथल्या जंतूंना आवरते. पातळ औषध विष बाहेर काढतं." मी आपलं चाचरत विचारलं, "मग माझ्या भावाचे जुलाब?" तर म्हणे, "तेही जंतूंमुळेच!" घ्या! कुठला नळ नि कुठलं काय... पण माझं काय चुकलं म्हणायला तोंड राहिलं का मला?

गोळी परत सुरू केली, आणि आले हो बाबा शुद्धीवर. हाताची थरथरही थांबली. मी धीर करून म्हटलं, "बाबा, ती गोळी मीच..." तर मधेच, "माहितीय गं, तूच वेळेवर देतेस! म्हणून तर वाचलो." आल्यागेल्याला तेच सांगतात! मला कुठे तोंड लपवू असं होतं.

काल नणंद त्यांना गोळी द्यायला गेली, तर ओठ घट्ट मिटून बसले. म्हणाले, "सूनबाईच्याच हातून घेणार. बाकीच्यांचा काय भरवसा?"