सीझनभर स्वयंपाकघरात

रिफसारख्या लहान गावात राहून मला अमेरिकन फुटबॉलचं काय पडलंय, असं तुम्ही म्हणाल. पण शेजारच्या साठेवहिनींचा ऋषी तिकडे अमेरिकेत कॉलेजच्या टीममध्ये आहे. निकाल आधी बघायचा नाही, रविवारी संध्याकाळी रेकॉर्डिंग लावायचं, हा त्यांच्या घरचा नेम. पहिल्याच मॅचला मी चहा टाकायला आत गेले आणि हरत आलेली टीम जिंकली. झालं! पुढच्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही आतच थांबा हं."

साठेभाऊजी म्हणाले, "अगं, मॅच कालच संपलीय!"

"तुम्ही गप्प बसा. आणि मांडी मोडू नका."

मग काय, अख्खा सीझन मी त्यांच्या ओट्यापाशी. टीम जिंकत गेली, ऋषी मात्र बाकावरच. शेवटच्या मॅचला मी कांदा चिरत होते, तोच वहिनी धावत आल्या. "ताई, चला बाहेर! ऋषी मैदानात उतरलाय!"

"अहो, पण टीम हरेल ना?"

"हरू दे मेली! तुम्ही आधी चला."

टीम हरली. भाऊजी मला अजून ऐकवतात. वहिनींनी मात्र ऋषीचा तेवढा भाग तीनदा लावला, मला शेजारी बसवून.