आरपार दिसणारा साबण

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या दवाखान्यात बाळांना लस टोचून घ्यायला आलेल्या आम्ही आया पेंगत होतो. डब्याचं झाकण खणकन पडलं आणि मांडीवरचं माझं बाळ दचकलं. डबा शेजारच्या आजीचा होता. तिच्यासोबत नात इसाय होती, घराशेजारची एक बाईही.

"मनांग सेफा, इथे साबण कशाला आणलात?" त्या बाईनं आजीला विचारलं; मनांग म्हणजे थोरली ताई.

"तुला दाखवायला गं. बघ, आरपार दिसतं. कामाला गेलेल्या लेकीनं हाँगकाँगहून खोक्यातून पाठवलेल्या साबणांचे उरलेले तुकडे किसले. स्पिरिट नि साखरेच्या पाकात वितळवले."

"तेच ना, कपाटात ठेवून कुणाला हात लावू देत नव्हतात?"

"जपून जपून वापरले. दीड वर्ष झालं, नवं खोकं नाही."

"पत्र?"

"पत्रही नाही."

"बघू वास... अहो, याला वासच नाही!"

"स्पिरिटबरोबर उडून गेला. इसाय रोज उशीखाली एक तुकडा घेऊन झोपायची, आईचा वास येतो म्हणायची. म्हटलं, सगळे तुकडे मिळून तिला एक मोठी वडी करून द्यावी."

"वेड्या आहात."

"आहेच मी."

इसायनं वडी नाकाशी धरली, उलटी करून पुन्हा धरली, मग आजीकडे वळली.

"लोला, मग आईचा वास आता कुठे गेला?"