शेंडेवाडीचे रिकामे बाक आणि पाळकसाहेबांचा मोबाईल

मंडळी, ऐका! आजच्या कीर्तनात एकच सवाल घेऊन तुमच्यापुढं उभा आहे. एक माणूस घसा बसेपर्यंत हाका मारतोय — ये रे, ये रे, ये रे! — आणि ज्याला हाका मारतोय, तो काही येत नाही. तर चूक कुणाची? बोला की! मोठ्यानं बोला, पेटीवाल्यालाही ऐकू जाऊ द्या!

"न येणाऱ्याची!" — बघा, पुढच्या रांगेतल्या आजोबांनी लगेच निकाल देऊन टाकला! आजोबा, दम धरा. आधी साक्षीपुरावा होऊ द्या. धरा रे चाल —

*हाका मारुनि दमलो देवा, दारी कोणी येईना ।*
*ज्याला हाका त्याचे म्हणणे ऐकुनि कोणी घेईना ॥*

आपल्या नगर जिल्ह्यात, मुळेच्या काठाला, शेंडेवाडी नावाचं गाव. शोधायला जाऊ नका, आख्यानातलं गाव आहे! तिथं एक जुनं दगडी देऊळ, वर क्रूस, पुढं चिंच. आणि तिथले पाळक रेव्हरंड सिलास ओहोळ. माणूस सोन्यासारखा! आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, लग्नाला आधी आणि मयताला सगळ्यात आधी पोचणारा. फक्त एक दुःख त्यांच्या काळजात होतं. दर रविवारी व्यासपीठावर उभे राहिले, की पुढं पांढरी डोकी दिसायची, मधे टकली दिसायची, आणि मागं? मागं नुसते बाक! तरुण पोरांचे बाक. रिकामे! धूळ बसलेले!

पाळकसाहेबांनी पंचांची बैठक बोलावली. पंचांचे प्रमुख दाविदराव त्रिभुवन. भरदार मिशा, भारी आवाज! ते उठले, टेबलावर हात आपटला — "पाळकसाहेब, पोरं मोबाईलनं नासली! देवळाच्या दारात टोपली ठेवा. आत यायचं तर मोबाईल टोपलीत!"

ठेवली टोपली. पुढच्या रविवारी काय झालं असेल? जी तीन-चार पोरं कधीमधी यायची, त्यांतली एकच पोरगी आली! टोपली मात्र वेळेवर हजर!

घरी आल्यावर रूथबाई, म्हणजे पाळकसाहेबांची मंडळी — तुम्ही नव्हे हो, त्यांची बायको! — त्या म्हणाल्या, "अहो, पोरं जिथं बसलीत तिथं तुम्ही जाऊन बघा ना एकदा."

"कुठं बसलीत?"

"मोबाईलात!"

पाळकसाहेब विचारात पडले. आपला प्रभू काय करायचा? देवळात बसून माणसांची वाट बघायचा? छे! कोळ्यांच्या होड्यांपाशी जायचा, विहिरीपाशी जायचा, जिथं माणूस तिथं प्रभू! मग पाळकसाहेब उठले आणि थेट शेरॉन साळवेच्या घरी गेले. ही शेरॉन कोण? नर्सिंगला शिकणारी, जिभेची तिखट आणि मनाची साफ. मागच्या बाकांवरची एकटीच टिकून राहिलेली.

"शेरॉन बेटा, मला ते इन्स्टा शिकव."

पोरीच्या हातातला चहा सांडला, मंडळी!

पण शिकवलं तिनं. मंडळीच्या नावानं पान उघडून दिलं. आणि पाळकसाहेबांचा उत्साह काय विचारता! पहिल्याच दिवशी त्यांनी अख्खा उपदेश टाकला. नोहापासून सुरुवात! जलप्रलय ओसरायलाच पाऊण तास गेला! बघितला कुणी? रूथबाईंनी स्वयंपाकघरातून, जालन्याच्या बहिणीनं, आणि एका माणसानं चुकून बोट लागलं म्हणून!

मग म्हणाले, लहान करू. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, बोट रोखलं — "तरुणांनो! जागे व्हा! कुठं भरकटलात?" त्याच्याखाली एकानं लिहिलं, "काका, जागाच आहे. नाईट शिफ्ट आहे माझी."

हसा, हसा. पण पाळकसाहेबांना हसू आलं नाही. शेरॉनला म्हणाले, "पोरी, हे काय माझ्याच्यानं जमत नाही. ऐकतच नाहीत गं कोणी."

शेरॉन म्हणाली, "साहेब, रागावणार नसाल तर बोलू? तुम्ही देवळात बोलता, आता मोबाईलमधेही बोलता. ऐकता कधी?"

तोंडात मारल्यासारखं झालं! पाळकसाहेब तसेच चालत देवळात आले. त्या मागच्या रिकाम्या बाकावर बसले — इतक्या वर्षांत पहिल्यांदा! तिथनं व्यासपीठ किती लांब दिसतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. मोबाईल समोर धरला आणि म्हणाले, "मी सिलास ओहोळ. तुमच्या बाकावर बसलोय. तुम्ही इथं यायचं का सोडलंत? खरं सांगा. मी रागावणार नाही, उलट बोलणार नाही. वाचीन फक्त."

बस्स! एवढंच. बोट नाही, नोहा नाही!

आणि मंडळी, धरण फुटलं! टिंग! टिंग! टिंग! पाळकसाहेबांच्या हातात मोबाईल उड्या मारायला लागला. "माझी सुट्टी मंगळवारी असते, रविवारी दांडी मारली तर पगार कापतात." टिंग! "माझं लग्न मोडलं तेव्हा बायकांनी आईला उपासनेनंतर गाठून कारण विचारलं. आई रडत घरी आली." टिंग! "टोपली!!" टिंग! "प्रश्न विचारला की म्हणता विश्वास कमी आहे." पाळकसाहेब वाचतायत, चष्मा पुसतायत, परत वाचतायत. शेंडेवाडीची पोरं — कुणी पुण्यात, कुणी संभाजीनगरात, कुणी तिथंच गल्लीत! — इतकं बोलायचं होतं त्यांना!

आणि मग एक ओळ आली. प्रसन्न पाथरे. "बारावीच्या निकालानंतरच्या रविवारी तुम्ही माझ्याबद्दल काय बोललात, आठवतंय का?"

पाळकसाहेबांना आठवेना. प्रसन्न? डफ वाजवायचा तो! भजनात असा काही डफ घुमवायचा की म्हाताऱ्यांनी टाळ्या धराव्यात. एकाएकी यायचा बंद झाला होता. रूथबाईंना विचारलं. त्यांना आठवत होतं, बायकांना आठवतंच! त्या खाली मान घालून म्हणाल्या, "तुम्ही व्यासपीठावरून म्हणालात — या वर्षी आपली सगळी मुलं पास झाली, एक सोडून. आणि त्या एकाचा डफ मात्र पहिल्या वर्गात पास झाला!"

...हसलात ना? मघाशी हसलात, आत्ताही हसलात! शेंडेवाडीची मंडळीपण अशीच हसली होती. सगळं देऊळ हसलं होतं, मंडळी. आणि एक पोरगा मागच्या बाकावर डफ मांडीवर घेऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी दाविदराव तणतणत आले. "हे काय मांडलंय? मंडळीची अब्रू चव्हाट्यावर! त्या मोबाईलात आपल्या देवळाच्या उखाळ्यापाखाळ्या! पुसून टाका सगळं!"

"नाही पुसणार."

"पाळकसाहेब, पंचांचं ऐकणार नसाल तर बदलीसाठी वर कळवावं लागेल!"

आता सांगा, दाविदरावांना एवढा राग का? त्यांचंही एक दुखणं होतं. त्यांचा नातू नोएल. पोरानं हौसेनं केस लाल रंगवले. आजोबांनी भर उपासनेत दंडाला धरून उठवलं, बाहेर काढलं. पोरगा त्याच आठवड्यात पुण्याला निघून गेला. घरात त्याचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. दाविदराव त्या टिंग-टिंगमधे नोएलची ओळ निघेल म्हणून घाबरले होते, मंडळी! रागाच्या मागं भीतीच असते बऱ्याचदा.

पाळकसाहेब म्हणाले, "कळवा वर." आणि पुन्हा मोबाईलसमोर बसले. "प्रसन्ना, तुला मी सगळ्यांसमोर हसण्यावारी नेलं. म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो. चुकलो बाळा."

मग उत्तराची वाट! पाळकसाहेब जेवताना मोबाईल बघतात, भाकरी गार होते. आंघोळीला जाताना रूथबाईंच्या हातात देतात — "वाजला तर हाक मार!" आणि एकदाचं उत्तर आलं. काय असेल?

"फक्त मोबाईलवरच माफी मागणार का?"

वाचलं! उठले! रूथबाईंना म्हणाले, "पिशवी भर!" शेरॉनकडून प्रसन्नचा ठावठिकाणा घेतला आणि मंगळवारी सकाळची पुण्याची एसटी धरली.

हिंजवडीकडचा मोठा रस्ता. काचेच्या इमारती. त्या इमारतींच्या मागं चहाची टपरी, आणि टपरीपाशी घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोरांच्या गाड्या. दुपारची गर्दी ओसरली की तिथं टेकायचं. पाळकसाहेब विचारत विचारत पोचले. घामाघूम! आणि समोर प्रसन्न. दाढी आलेली, खांदे भरलेले, हातात हेल्मेट.

"तुम्ही... खरंच आलात?"

"तू विचारलंस ना!"

"मी आपलं रागानं लिहिलं होतं."

"मी आपला एसटीनं आलो!"

पोरं हसली. प्रसन्न हसला नाही. पाळकसाहेब त्याच्या मित्रांकडं वळले. "पोरांनो, ह्याची मी भर देवळात चेष्टा केली होती. हा एका परीक्षेत नापास झाला होता. मी ह्याच्या दुःखावर विनोद केला. ह्याच्या आईनं मान खाली घातली असेल तेव्हा, आणि मला दिसलंसुद्धा नाही." असं म्हणून त्या साठीच्या माणसानं हात जोडले. टपरीवर! गाड्या भर्र भर्र चाललेल्या!

प्रसन्न हेल्मेटचा पट्टा नुसता ओढत राहिला. मग हळूच म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. घरात सगळे गप्प होते. मला वाटलं होतं, तुम्ही प्रार्थनेत माझं नाव घ्याल."

अहाहा! एवढंच हवं होतं हो त्या पोराला! एक नाव! प्रार्थनेत एकदा नाव!

पाळकसाहेब त्याच्याजवळ सरकले. मग म्हणाले, "आत्ता घेऊ?"

"इथं?"

"का? इथं देवाला ऐकू येत नाही?"

पोरांनी हेल्मेटं काढली. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला, त्याचा धर्म वेगळा, पण मान त्यानंही झुकवली! आणि एका पोरानं हेल्मेट काढलं, तर आत? लाल केस! नोएल!

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. प्रसन्नचं नाव घेतलं, नोएलचं घेतलं, एकेकाला नाव विचारून सगळ्यांचं घेतलं. आणि आमेन म्हणायच्या आत ढम्! ढम्! प्रसन्न गाडीवरच्या जेवणाच्या खोक्यावर ताल धरून बसला! तोच हात! तोच घुमारा! नोएलनं टाळी धरली. पाळकसाहेबांनी भजन उचललं. रस्त्यावरची माणसं थबकली!

पाळकसाहेबांना राहवेना. त्यांनी रूथबाईंना व्हिडिओ कॉल लावला. आता योग बघा! त्याच वेळी शेंडेवाडीच्या देवळात पंचांची बैठक चाललेली — पाळकसाहेबांच्याच बदलीची! आणि रूथबाई चहा घेऊन तिथं गेलेल्या. कॉल उचलला. पाळकसाहेबांना पडद्यावर आधी कपबश्या दिसल्या, मग छत दिसलं, मग दाविदरावांचा आवाज आला — "बंद करा ते यंत्र! देवळात—"

आणि आवाज तुटला. रूथबाईंनी मोबाईल त्यांच्या तोंडापुढंच धरला होता.

"दाविददादा," रूथबाई म्हणत होत्या, "बघा तरी. कोण टाळ्या वाजवतंय."

पाळकसाहेबांनी मोबाईल मागं टाळ्या वाजवणाऱ्या नोएलच्या जवळ नेला. पोरगा पांढरा पडला. पडद्यावर आजोबांच्या मिशा. इकडं पोरं पुढं सरकली, तिकडं पंच वाकले! आता काय होणार? आजोबा केसांवरून बोलणार? हात आपटणार?

दाविदराव मोबाईलला तोंड लावून ओरडले, मुळेच्या पलीकडं ऐकू जाईल असे ओरडले — "नोएल! जेवलास का रे?"

बस्स. ते पोरगं रस्त्याच्या कडेला उकिडवं बसलं आणि हुंदके देऊन रडायला लागलं. "नाही आजोबा," म्हणालं, "दिवसभर लोकांचंच जेवण पोचवतोय."

बदलीचा ठराव? कसला ठराव! पंच डोळे पुसत होते!

मग मागचे बाक भरले का? नाही, मंडळी. खोटं कशाला सांगू? पोरांची पोटं पुण्यात आहेत, ती शेंडेवाडीला रविवारी कशी येणार? पण दर मंगळवारी त्या टपरीमागं उपासना होऊ लागली. महिन्यातून एकदा पाळकसाहेब एसटीनं जातात, एरवी मोबाईलवरून. इन्स्टाच्या पानावर ते अजूनही बोलतात कमी, विचारतात जास्त — या आठवड्यात कसली भीती वाटली? कुणासाठी प्रार्थना करू? आणि मग उत्तरांतलं एकेक नाव घेऊन शेरॉनबरोबर त्या बाकावर बसून प्रार्थना करतात. जवळ असेल त्याला भेटायला जातात. दाविदराव रोज नातवाला व्हिडिओ कॉल करतात. नोएलला रोज फक्त आजोबांचा एक कान दिसतो! पण तो कान दिसतो, मंडळी! ऐकणारा कान!

तर आजोबा, पुढच्या रांगेतले! आता द्या निकाल. चूक कुणाची? ... बघा, गप्प झाले!

मंडळी, तुमच्या देवळाचं पान आहे का? आहे. रोज सकाळी फुलं टाकता, वचन टाकता, उपासनेची वेळ टाकता. छान! पण पलीकडून कुणी काही लिहिलं, तर वाचतं कोण? तुमच्या घरातला, तुमच्या गल्लीतला कुणी मागच्या बाकावरून उठून गेला असेल. त्याला तुम्ही हसला असाल, दंडाला धरला असाल. नाव आलं ना डोळ्यांपुढं? आलंच! मग काढा मोबाईल. हो, इथं! कीर्तनात! काढा! पिशव्या उघडा, कनवटी सोडा! वचन पाठवू नका, फूल पाठवू नका. एवढंच लिहा — "कसा आहेस? सांग, मी ऐकतोय." ज्याला लिहिता येत नाही, त्यानं शेजारणीकडून लिहून घ्या. पेटीवाले, तुम्हीसुद्धा!

पाठवलं? सगळ्यांनी? मग म्हणा माझ्याबरोबर — ऐकणाऱ्या आपल्या प्रभूचा जय! अजून मोठ्यानं! जय—

थांबा, थांबा. डावीकडं खांबापाशी कुणाचा तरी फोन वाजतोय. अहो बाई, लाजता काय? बंद कसला करताय? उचला! उचला लवकर! कीर्तन थांबेल!